गल्ला उघडतोय ना, मग चालू दे

पाच वर्षं मी एका रिटेल चेनच्या स्टोर सिस्टिम्स टीममध्ये होते. चेनचं नाव सांगणार नाही, जी काही दुकानं उरलीयेत तिथे माझ्या ओळखीचे लोक अजून काउंटरला उभे असतात. टीम म्हणजे सुरुवातीला सहा जण, मग चार, शेवटी मी आणि एक मुलगा जो अर्धा वेळ नेटवर्कचं पण बघायचा. काम काय, तर बिलिंगची मशीन मरू द्यायची नाहीत, बस. कागदावर ह्याला 'लाइफसायकल मॅनेजमेंट' असं भारदस्त नाव होतं.

जॉइन झाल्यावर पहिलं काम यादीचं. प्रत्येक स्टोरला जायचं, प्रत्येक काउंटरखाली वाकायचं, मॉडेल, सिरीयल नंबर, रॅम, विंडोज कुठलं, प्रिंटर कुठला हे शीटमध्ये भरायचं आणि शेवटच्या कॉलममध्ये 'चालू' किंवा 'बंद'. मला वाटलेलं दोन आठवड्यांत उरकेल, चार महिने लागले. धूळ तर होतीच पण खरी भानगड 'चालू' ह्या शब्दाची होती. तुम्ही कॅशियरला विचारलं की हे काउंटर चालू आहे का तर तो हो म्हणणार, त्याचं त्यावर बिल होतंय ना. ते कसं होतंय हे त्याला कोणी विचारत नाही आणि तो पण आपणहून सांगत नाही.

उदाहरण म्हणजे एका स्टोरचं सात नंबर. तिथल्या हेड कॅशियर ताई कायम तिथेच बसायच्या. त्या काउंटरच्या प्रिंटरच्या झाकणाची खिटी तुटलेली, झाकण नीट बसत नव्हतं, आणि झाकण उघडं आहे असं सेन्सरला वाटलं की प्रिंटर छापत नाही, म्हणून ताईंनी आडवा एक जाड रबर बँड लावलेला. रोल बदलायचा झाला की बँड मनगटात, रोल आत, झाकण खाली, बँड परत जागेवर, हे सगळं त्या समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता करायच्या. स्कॅनर जुन्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टवर, त्याचे दोन्ही स्क्रू गायब, केबल ढिली, तिथे पुठ्ठ्याची घडी घातलेली. कीबोर्डवरची छापील अक्षरं तर कधीच उडाली होती पण बोटांना सगळं पाठ. मी शीटमध्ये 'चालू' लिहिलं. दुसरं काय लिहिणार, रबर बँडसाठी कॉलम नव्हता.

नवीन माणसाला एक गोष्ट माहीत नसते, मला पण नव्हती. गल्ल्याची केबल कॉम्प्युटरला जात नाही, प्रिंटरला जाते. टेलिफोनला असते तशी छोटी पिन असते, बिल छापलं की कॉम्प्युटर प्रिंटरला सांगतो आणि प्रिंटर गल्ल्याला २४ व्होल्टचा एक झटका देतो, आतलं सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, खिटी ओढतं आणि स्प्रिंगने गल्ला सटकन बाहेर येतो, लक्ष नसलं तर पोटात. म्हणजे प्रिंटर गेला की गल्लाही गेला, मग किल्ली शोधा, आणि ती नेमकी मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर गोडाउनमध्ये. म्हणून फोनवर आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गल्ला उघडतोय का?" हो म्हटलं की "मग चालू दे, सोमवारी बघू."

तसं बघितलं तर ह्या सगळ्या यंत्राची सुरुवातच गल्ल्यावर नजर ठेवायला झाली. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या डेटनमध्ये दारूचा गुत्ता चालवणाऱ्या जेम्स रिटीने पहिलं कॅश रजिस्टर पेटंट केलं, नोकर पैसे खिशात टाकतात म्हणून वैतागला होता. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघून त्याला ते सुचलं. दीडशे वर्षं होत आली आणि आम्ही अजून गल्ला उघडतोय का हेच विचारत होतो.

तर यादी झाली. बहुतेक मशीन विंडोज एक्सपीच्या घराण्यातली. साध्या एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण काउंटरसाठी जी वेगळी आवृत्ती होती, पीओएसरेडी २००९, तिचे अपडेट ९ एप्रिल २०१९ पर्यंत येत राहिले. त्यामुळे एक काळ असा होता की लोक साध्या एक्सपीच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एक नोंद घालून त्याला काउंटरचं मशीन असल्याचं भासवायचे आणि ते अपडेट ओढायचे. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितलं होतं की असं करू नका. आमच्याकडे कोणी केलं होतं का ते मी सांगत नाही.

आता घड्याळाची गोष्ट सांगते, ती मला आयुष्यभर पुरेल. प्रत्येक मदरबोर्डवर छोट्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. काही वर्षांनी ती उतरते. उतरली तरी जोपर्यंत प्लगमध्ये वीज आहे तोपर्यंत कळत नाही, कारण मशीन 'बंद' असलं तरी आत थोडा स्टँडबाय करंट चालू असतो आणि घड्याळ त्यावर निभावतं. ताईंच्या स्टोरमध्ये सगळ्या काउंटरच्या मेन स्विचवर चिकटपट्टी होती, वर पेनाने 'बंद करू नये'. मला वाटलं सेफ्टीचं काही असेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग एका रात्री वायरिंगच्या कामासाठी कोणीतरी अख्ख्या स्टोरची वीज काढली. सकाळी मशीन उठली ती २००२ सालात. कार्ड चालेनात, कारण बँकेच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, मशीनच्या हिशोबाने अजून वैधच झालेलं नाही, ते भविष्यातलं आहे, त्यामुळे कनेक्शनच जोडत नाही. रोख बिलं मात्र धडाधड होत होती, सगळी २००२ च्या तारखेने. स्टोरवाल्यांनी कार्ड बंदची कंप्लेंट टाकली, तारखेकडे कोणाचं लक्षच नाही, बिलावरची तारीख कोण वाचतं हो. रात्री हेड ऑफिसच्या प्रोग्रामने विक्री ओढायचा प्रयत्न केला, तर त्याला वाटलं इतका जुना डेटा म्हणजे कचरा, टाकून दिला. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सवाले म्हणाले ह्या स्टोरची विक्री शून्य कशी. मी आणि तो नेटवर्कचा मुलगा, दोघांनी बसून प्रत्येक काउंटरच्या जर्नल फाइलमध्ये, म्हणजे बिलांच्या नोंदीत, तारखा हाताने दुरुस्त केल्या, एक बिल इकडचं तिकडे होऊ नये म्हणून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. पहाटे संपलं. त्यानंतर मी बॅगेत बटणसेलच्या पट्ट्या घेऊन फिरायला लागले, कुठल्याही कामासाठी मशीन उघडलं की आधी सेल बदलायचा. माझ्या पाच वर्षांतलं सगळ्यात उपयोगी काम हेच असावं.

ताईंना नंतर विचारलं, पट्टी का लावली होती. म्हणाल्या, "मागे एकदा बंद केलं होतं तर असंच झालं होतं, तेव्हाचा तुमचा माणूस म्हणाला बंदच करू नका." तेव्हाचा माणूस कधीच सोडून गेला होता. त्याचा सल्ला तेवढा चिकटपट्टीवर राहिला.

तुम्ही म्हणाल एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन घ्या ना. मी पण म्हटलं होतं, पहिल्याच वर्षी, छान प्रेझेंटेशन केलं होतं. पण एका काउंटरचा खर्च म्हणजे नुसतं मशीन नाही, त्यात प्रिंटर, स्कॅनर, गल्ला, कार्ड टर्मिनल, सॉफ्टवेअरचं लायसन्स, बसवणं, ट्रेनिंग, आणि ह्या सगळ्याला काउंटरांच्या संख्येने गुणायचं. ज्या चेनचा पैसा आधीच हप्त्यांमध्ये जातोय तिथे तो आकडा बघून मीटिंगमध्ये शांतता पसरते. टॉईज आर अस, ती अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची चेन, आठवतेय का? २००५ मध्ये गुंतवणूकदारांनी ती ६.६ अब्ज डॉलरला घेतली, त्यातला मोठा भाग कर्ज काढून, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर. नंतर वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर नुसते कर्जापायी जात होते. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद. आमची चेन त्या मानाने चिल्लर होती पण दुखणं त्याच जातीचं. साहेब वाईट नव्हते, दर तिमाहीला वर जाऊन मागायचे आणि दर तिमाहीला 'पुढच्या वर्षी' घेऊन खाली यायचे.

मग मशीन जगत कशावर होती? बंद होणाऱ्या दुकानांवर. हे मला लिहितानाही विचित्र वाटतं. दर काही महिन्यांनी बंद होणाऱ्या स्टोरची यादी यायची आणि बाकीच्यांची तोंडं उतरायची, आणि मी मनातल्या मनात मोजत असायचे की ह्या यादीत किती प्रिंटर, किती पॉवर सप्लाय. लिक्विडेटर, म्हणजे बंद होणाऱ्या दुकानातलं सामान विकून देणारे लोक, रॅक, ट्रॉल्या, दिवे सगळं विकायला काढायचे, त्यांच्या आधी पोचायचं. पण फार आधीही नाही, कारण क्लिअरन्स सेलमध्ये गर्दी तुफान असते, जे स्टोर कमी गिऱ्हाइकांमुळे बंद होतंय तिथे शेवटच्या तीन आठवड्यांत रांग दारापर्यंत, त्यामुळे शेवटचं बिल होईपर्यंत काउंटरला हात लावता येत नाही. शेवटचा झेड रिपोर्ट, म्हणजे काउंटरच्या दिवसभराच्या विक्रीचा हिशोब, निघाला की स्क्रूड्रायव्हर बाहेर. आधी प्रिंट हेड, मग स्कॅनर, मग पॅरलल पोर्टला लावलेलं ते लायसन्सचं डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते छोटं यंत्र, ते तर रुमालात गुंडाळून घ्यायचे कारण सॉफ्टवेअरवाली कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतलेली आणि नवीन डोंगल मिळायचं बंद झालेलं. मदरबोर्ड मात्र बघून घ्यायचा. त्यावरच्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरची डोकी सपाट पाहिजेत, फुगलेली दिसली की सोडून द्यायचा, आजचा नाही तर उद्याचा.

आमच्याच चेनमध्ये असं होतं असं नाही हं, जुनं ते टाकाऊ असं पण माझं म्हणणं नाही. आयबीएमच्या ४६९० ह्या बिलिंग सिस्टिमवर कितीतरी मोठ्या चेननी वर्षानुवर्षं बिलं केली, आयबीएमने २०१२ मध्ये तो अख्खा धंदा तोशिबा टेकला विकला तरी ती दुकानांत चालत राहिली. जुन्या सिस्टिम बनवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती की नेटवर्क जाणार. त्यामुळे प्रत्येक काउंटर स्वतःपुरतं शहाणं असायचं, किमतींची फाइल स्वतःकडे, बिलं स्वतःकडे, लाइन आली की वर पाठवायची. ह्याचा तोटा असा की रात्री किमतींची फाइल उतरताना एखादं काउंटर बंद असलं की त्याच्याकडे कालचीच किंमत, मग तीन नंबरला एक आणि पाच नंबरला वेगळी, आणि गिऱ्हाईक बरोबर दोन्ही बिलं घेऊन येतं.

कार्डांमुळे शेवटी वरच्यांना हलावं लागलं. २०१३ च्या शेवटी टार्गेट ह्या अमेरिकन रिटेल चेनमधून सुमारे ४ कोटी कार्डांचा डेटा गेला होता, चोर आत शिरले एसी-हीटिंगचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनने, आणि काउंटरच्या मशीनमध्ये त्यांनी जे सोडलं ते रॅम वाचत बसायचं, कारण कार्ड स्वाइप झाल्यावर क्षणभर तरी नंबर मेमरीत उघडा पडायचा. त्यानंतर ऑडिटरांचे प्रश्न धारदार होत गेले, आणि आमच्या यादीतला 'विंडोज कुठलं' हा कॉलम त्यांनी वाचला. नवीन मशीनला पैसे नाहीत, मग तोडगा असा निघाला की कार्डाला काउंटरच्या मशीनमधून बाहेरच काढायचं. वेगळं टर्मिनल, ते कार्डाचा नंबर स्वतःच एन्क्रिप्ट करून थेट बँकेला पाठवणार, आमच्या म्हाताऱ्या मशीनला नंबर दिसणारच नाही. डोकं लावलेला तोडगा होता, मी आजही त्याच्या बाजूने बोलेन. फक्त एक, दोघांमध्ये केबल नव्हती. कॅशियरने स्क्रीनवरचा आकडा वाचायचा आणि टर्मिनलवर हाताने टाइप करायचा. रांगेत पंधरा माणसं, एक शून्य कमी पडतं, एक जास्त पडतं, दोन आकडे उलटे होतात. रात्री हिशोब जुळवताना मॅनेजर डोक्याला हात लावून, कमी पडलेलं कोणाच्या नावावर टाकायचं ह्यावरून भांडणं. सिक्युरिटीचा धोका आम्ही खरंच कमी केला, पण तो खर्च कॅशियरांच्या डोक्यावर टाकून.

मग एकदाचा पायलट, म्हणजे नवीन सिस्टिमची एका स्टोरपुरती चाचणी, मंजूर झाला. ताईंच्याच स्टोरमध्ये, एक ते चार नंबरची काउंटरं नवीन, बाकीची जुनीच. सपाट टच स्क्रीन, सगळं क्लाउडवर, स्कॅनर कॅमेरावाले. हे स्कॅनर मात्र मला मनापासून आवडले. जुना लेझरवाला फक्त पट्ट्या वाचतो, २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं तेव्हापासून तेच चाललंय, चौकोनी कोड त्याला दिसतच नाही. आता बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ ह्या संस्थेने २०२७ च्या अखेरपर्यंत काउंटरवर चौकोनी कोडही वाचता यावेत असं लक्ष्य ठेवलंय, म्हणजे लेझरवाल्यांचे दिवस भरलेच.

मशीन बसवायला दोन दिवस, डेटा हलवायला तीन महिने. जुन्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या यादीत, हजारो वस्तू अशा निघाल्या ज्या वस्तूच नव्हत्या. जुन्या सॉफ्टवेअरला ऑफरचे चारपाचच प्रकार यायचे, मार्केटिंगवाल्यांना दर महिन्याला नवीन पाहिजे, मग कोणीतरी शक्कल काढलेली की उणे किमतीची एक खोटी वस्तू बनवायची, तिचा बारकोड छापून काउंटरच्या कडेला चिकटवायचा, आणि कॅशियरने गिऱ्हाइकाच्या तीन वस्तू मारल्या की तो चौथा मारायचा. ऑफर संपली, वस्तू तशीच राहिली. वर्षानुवर्षांचा गाळ. त्यांची नावं अठरा अक्षरांत कोंबलेली, कुठली मेली आणि कुठली अजून वापरात आहे हे डेटा बघून कळत नव्हतं, म्हणून मी आणि ताई दोन संध्याकाळी बसलो. मी नाव वाचायचे, त्या म्हणायच्या "गेली", "गेली", "ही आहे, पण फक्त आम्हीच वापरतो", "ही कशाला काढताय, ही परत येते." त्यांना कोणी डेटाबेस शिकवला नव्हता, पण ते काम त्यांच्याशिवाय झालंच नसतं हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं. अंतिम प्रतीत ते वाक्य नव्हतं.

पायलटच्या दुसऱ्या आठवड्यात भर गर्दीत नेट गेलं. एक ते चार नंबर गप्प, स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र. पाच ते आठ नंबर, रबर बँडसकट, रोख बिलं करत बसलेले. कार्डवाले थांबले पण रांग सरकत होती. व्हेंडरला फोन केला तर म्हणे ऑफलाइन मोड आहे ना आमच्यात, फक्त तो चालू करावा लागतो, आणि ऑफलाइनमध्ये ऑफर लागत नाहीत. त्या दिवशी मला थोडं हसू आलं हे कबूल करते, आणि मग लगेच वाईट वाटलं, कारण नवीन सिस्टिम यावी म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता.

ते दुरुस्त झालं, पुढच्या काही स्टोरमध्ये नवीन मशीन गेली पण, आणि मग पैसे थांबले. सगळ्यात वाईट काळ कुठला म्हणाल तर हा. जुनी सिस्टिम झेपत होती, नवीन पण झेपली असती, पण दोन्ही एकदम म्हणजे प्रत्येक ऑफर दोनदा भरायची, एकदा नीट आणि एकदा खोटी वस्तू करून, प्रत्येक किंमत दोन फाइलींत, आणि चूक कुठे झाली हे शोधायला दोन वेगळे रिपोर्ट जे एकमेकांशी बोलत नाहीत. तोपर्यंत टीममध्ये आम्ही दोघंच उरलेलो.

आणि मग पुढची यादी आली, त्यात पायलटचं स्टोर.

शेवटच्या दिवशी मी दुपारीच पोचले. रॅक विकले गेलेले, आवाज घुमत होता. नवीन चार मशीन आधीच खोक्यांत भरून गोडाउनला गेलेली, कोणाला द्यायची ते ठरलं नव्हतं, शेवटची गर्दी जुन्या चारांनीच काढली. आठ वाजता शटर अर्धं खाली. ताईंनी सात नंबरचा झेड रिपोर्ट काढला, फाडला, घडी घालून मॅनेजरला दिला. मग उठल्या आणि मला खुर्ची दिली. मी आधी प्लग काढला, मग गल्ल्याची पिन, मग प्रिंटर.

"हा कुठे जाणार?" त्यांनी विचारलं. मी स्टोर सांगितलं, तिथला दोन नंबरचा प्रिंट हेड गेला होता.

त्यांनी प्रिंटर माझ्या हातातून घेतला, रबर बँड काढला, ताणून बघितला, आणि ड्रॉवरमधून एक नवा काढून त्याच्याच शेजारी लावला. "दोन पाठवते. जुना सैल झालाय. आणि त्यांना सांगा, रोल बदलताना आधी मनगटात घालायचा, नाहीतर खाली पडतो आणि सापडत नाही."